गडवाभर पाणी

वणीच्या आमच्या भाड्याच्या घरात खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले की बोट काळे होत असे. सकाळी पुसलेली चौकट दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा तशीच. पत्नीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. खिडकीच्या खिळ्याला तिने एक ओले फडके कायमचे अडकवून ठेवले होते आणि येता-जाता ती हात फिरवून घेई. घराच्या मागून कोळशाच्या ट्रकांचा रस्ता जात होता. त्या ट्रकांवरच आमचा संसार चालला होता. त्यामुळे धुळीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो.

मी एका खाजगी कोळसा डेपोच्या काट्यावर कारकून होतो. काटा म्हणजे ट्रक तोलण्याचा जमिनीत बसवलेला मोठा तराजू. ट्रक रिकामा आला की तोलायचा आणि भरून निघाला की पुन्हा तोलायचा. दोन्ही वजने हाती असल्याशिवाय माल किती गेला, हे कोणालाही सांगता येत नाही. घाईत असलेले ड्रायव्हर रिकामे वजन टाळायला पाहत, 'मागच्या खेपेचंच लिहा ना साहेब' म्हणत, आणि मी मान हलवून त्यांना परत काट्यावर चढवीत असे. या एका गोष्टीत माझी चूक काढायला कोणाला जागा नव्हती. स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा मात्र मी एकच वजन पाहिले आणि दुसरे पाहायचे जाणूनबुजून टाळले. हे लिहितो आहे ते त्याबद्दलच.

पत्नीला दमा आहे. आधी तो थंडीपुरता असे, पुढे वर्षभर राहू लागला. डॉक्टरांनी पंप दिला, औषधे बदलली, आणि शेवटी एकदा चष्मा काढून टेबलावर ठेवीत म्हणाले की औषध मी देत राहीन, पण धूळ कोण थांबवणार? मुलगी लग्न होऊन आपल्या घरी सुखात होती. मी नोकरीतून थोडे आधीच मोकळे व्हायचे ठरवले. यवतमाळच्या घरांच्या किमती विचारून आलो आणि गप्प बसलो. कळंबला एक जागा पाहिली, तीही आवाक्याबाहेरची निघाली. आमच्या ऐपतीत बसेल आणि जिथे श्वास घेता येईल, असे घर जिल्ह्यात कुठेतरी असेलच, एवढ्या आशेवर काही महिने गेले.

ते घर मला काट्याच्या खिडकीतूनच सापडले. पुसदकडच्या डोंगरातला एक जुना ड्रायव्हर होता. चिठ्ठी घेता घेता त्याने सहज सांगितले की त्याच्या गावात टेकडीवर एक घर निघाले आहे.

"हवा अशी हाये साहेब," तो म्हणाला, "का धुऊन वाळू घातल्यावानी."

त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. गाव लहान आहे, घर कोणते हे लगेच ओळखू येईल, आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांनी मला तशी परवानगी दिलेली नाही.

दिवाळीनंतर मी एकटाच पाहायला गेलो. एसटी घाट चढून वर आली आणि डोंगरांच्या मधोमध बशीसारख्या जागेत वसलेले गाव दिसले. बाजार, शाळा, बँक, दवाखाना, सगळे खाली. एका बाजूला टेकडी आणि टेकडीवर घरांची एक वस्ती. तिला गावात टेकडीपुरा म्हणतात. खालून वर जायला काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, वस्तीतल्या लोकांनीच पूर्वी कधी तरी घडवून बसवलेल्या. अर्ध्यावर एक चिंचेचे झाड आहे, तिथे पायऱ्या वळतात. दोन्ही बाजूंनी घरे आणि प्रत्येक घरापुढे ओटा. खालच्या गावात दारापर्यंत ऑटो येतो, म्हणून तिथली घरे महाग. वर सगळे पाठीवर किंवा डोक्यावर न्यावे लागते, म्हणून वरची स्वस्त. हिशेब इतका सरळ होता.

मी चढलो. वळणावर थांबलो, वरच्या टप्प्यावर पुन्हा थांबलो. कपाळ पुसताना माझ्या मनात एक वाक्य अगदी स्पष्ट उमटले: हिला हे जमणार नाही. मग मी वर पोहोचलो, घर पाहिले, आणि ते वाक्य कुठेतरी खाली ठेवून दिले.

दोन खोल्या, एक ओसरी, मागे स्वयंपाकघर आणि छोटे अंगण. वर कवेलू, म्हणजे देशी कौले, त्यामुळे आत गारवा. ओट्यावर बसले की समोर सागाचे डोंगर आणि खाली खेळण्यातल्यासारखी एसटी. मी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले. बोट स्वच्छ राहिले. ही सवय पाहून घरमालकाला गंमत वाटली असावी; तो म्हणाला की सून पाहायला आल्यासारखे घर पाहणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला.

घरमालक एसटीत कंडक्टर होता, निवृत्त झालेला. माझ्याहून वयाने मोठा, अंगाने बारीक, आवाज अजूनही भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. त्याने खाली स्टँडजवळ दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. "जिंदगीभर लोकाइले 'पुढं सरका, पुढं सरका' म्हनलं," तो म्हणाला. "आता माह्ये गुडघेच पुढं सरकत नाई." त्याच्या बायकोने चहा आणला आणि मला विचारले की घरात कोण कोण आहे. मी पत्नीविषयी सांगितले. धुळीचे सांगितले, दम्याचेही सांगितले. त्या माऊलीने पायऱ्यांच्या दिशेने एकदा पाहिले. मी ते पाहिले आणि चहाची बशी उचलली.

मी घर आवडल्यामुळे चढ विसरलो, असे पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. विसरलो नव्हतो. परत येताना त्या जुन्या ड्रायव्हरच्या भावाकडून, जो गावात पिकअप चालवतो, मी चौकशी करून घेतली होती की टेकडीच्या मागच्या अंगाने एखादी वाट आहे का. होती. जंगलातून वळसा घालून येणारा कच्चा रस्ता, कोरड्या दिवसांत पिकअप गाडी वरच्या वस्तीच्या कडेपर्यंत येऊ शकते. पावसात मात्र तिथे बैलही फसतो. मी त्याच्याशी बोलून ठेवले.

थंडीत पत्नीला घेऊन गेलो ते त्या वाटेने. पिकअपमध्ये पुढे ड्रायव्हरचा भाऊ, मधे ती, कडेला मी. गाडी हेलकावे खात वर आली, आम्ही उतरलो आणि थोडेसे सपाट चालून घराच्या मागच्या दारातून आत शिरलो. एखाद्या घराचे पहिले दर्शन मागच्या दारातून घडवणे ही गोष्टच विचित्र आहे, पण तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.

घर तिला आवडले. ते तिच्या चेहऱ्यापेक्षा मला तिच्या श्वासातून कळले. ओट्यावर बसून ती बराच वेळ कंडक्टरच्या बायकोशी बोलत राहिली: भाजी कुठून आणता, चक्की कुठे, ओट्यावर तुळस कुठे ठेवता येईल, वानरे कवेलू फोडतात का. वानरे फोडतात, असे उत्तर आले. उन्हाळ्यापूर्वी कवेलू फेरून, म्हणजे उतरवून पुन्हा नीट लावून, घ्यावेच लागतात. समोरून पायऱ्यांनी लोक वर येत होते. कोणी कमरेवर हात ठेवून थांबे, कोणी ओट्यावर टेके. पत्नी त्यांच्याकडे पाहत होती. मी तिच्यासमोर अशा ठिकाणी उभा राहिलो की पायऱ्या थोड्या झाकल्या जाव्यात. हे मी मुद्दाम केले का? आज मला वाटते, हो.

त्याच दिवशी कंडक्टरने मला अंगणात बोलावून टेकडीपुऱ्याची रीत सांगितली. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा. कडक उन्हाळ्यात नळाला जोर राहत नाही, पाणी वर चढत नाही, आणि मग सगळ्यांना ते पायथ्याच्या विहिरीवरून आणावे लागते. पूर्वी एका बाहेरच्या माणसाने पावसाळ्यात हिरवा डोंगर पाहून इथले घर घेतले आणि पहिल्याच उन्हाळ्यात कुलूप लावून तो निघून गेला. त्या कुलपामागे कवेलू खचले, भिंत भिजली, आणि शेजाऱ्याची भिंत तिच्याशी जोडलेली असल्यामुळे तीही भिजली. तेव्हापासून वस्तीने ठरवून टाकले आहे. घर घेणाऱ्याच्या घरचे माणूस पायथ्याच्या विहिरीचे पाणी भरून पायऱ्यांनी चढून येते आणि घरातल्या रांजणात ओतते. त्यानंतरच विकणारा इसाराला, म्हणजे आगाऊ रकमेला, हात लावतो. भांडे कोणते, याला बंधन नाही. वेळ किती, यालाही नाही.

"मी आनीन पानी," मी लगेच म्हणालो.

"आना ना. कोन नाई म्हंते." त्याने घरातून पलीकडे ओट्याकडे पाहिले. "पन दिवसभर इथं राहाचं कोनाले हाये? तुमाले का त्याइले?" मग त्याने आवाज खाली आणून विचारले, "बाईले सांगतलं का पायऱ्याचं?"

"सांगतो," मी म्हणालो.

परतीची एसटी लांबची होती. यवतमाळला गाडी बदलावी लागली. सांगायला वेळ भरपूर होता. पत्नी खिडकीशी बसून म्हणत होती की ओसरीत एक झोपाळा लावता येईल, आणि तुळस अंगणात न ठेवता ओट्यावर ठेवू. मी होकार देत राहिलो. मी कशाला घाबरत होतो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तिच्या दम्याला, असे म्हटले तर ते काळजीसारखे दिसते. पण मी तिच्या नकाराला घाबरत होतो. कित्येक महिने शोधून मी एक गोष्ट मिळवली होती आणि ती माझ्या हातून तिला द्यायची होती. ती तिला पेलेल की नाही, हे विचारण्याइतका मोकळेपणा त्या देण्यात मी ठेवला नव्हता.

पुढे मी एकटाच जाऊन पाणी वर नेले. पत्नीला म्हणालो की व्यवहाराचे बोलायला जातो आहे. ड्रायव्हरच्या घरून एक गुंड, म्हणजे पितळी घागर, मागून घेतली, विहिरीवर भरली आणि खांद्यावर घेऊन चढलो. कधी सवय नव्हती; पाणी हिंदकळून पाठ भिजली. ओट्यांवरच्या बायका पाहत होत्या. एकीने थट्टेत विचारले की भाऊ, लग्नाचे पाणी आहे की घराचे. मी हसलो. वर जाऊन ते रांजणात ओतले, हात पुसले, आणि खिशातून इसाराचे पाकीट काढून कंडक्टरच्या समोर ठेवले.

त्याने ते उचलले नाही. बायकोला चहा ठेवायला सांगितले. माझ्या भिजल्या सदऱ्याकडे पाहून एक टॉवेल आणून दिला. इकडचे तिकडचे बोलला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाऊ, पानी आलं. मानूस नाई आलं."

मी म्हणालो की खालच्या गावातले दुसरे गिऱ्हाईक आले तर? तो म्हणाला की आले आहे, आणि त्याला होळीपर्यंत थांबायला सांगितले आहे. "तुमच्या बाईइनं ओट्यावर बसून तुयशीची जागा पाह्यली हाये," तो म्हणाला. "म्हनून थांबून राह्यलो."

वणीला पोहोचलो तेव्हा ती खिडकीची चौकट पुसत होती. मी चपला काढल्या, खुर्चीवर बसलो, आणि सांगितले. पायऱ्या सांगितल्या, मागचा रस्ता सांगितला, पाणी सांगितले, आणि एकटा जाऊन पाणी टाकून आलो तेही सांगितले. फार वाक्ये लागली नाहीत. इतके दिवस जे इतके जड वाटत होते, ते सांगायला इतका थोडा वेळ लागावा याचे मला आश्चर्य वाटले.

तिने फडके पिळले, खिळ्याला अडकवले.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "ओट्यावरून दिसत होत्या ना पायऱ्या. तुमी समोर येऊन उभे राह्यले तं तुमच्या बाजूनं दिसत होत्या."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी सांगसान म्हनून वाट पाहून राह्यली होती."

मग तिनेच विचारले की मला चढायला किती वेळ लागला. मी सांगितले. "मले किती लागन?" मी म्हणालो, माहीत नाही. "मंग जाऊन पाहाव लागन," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

होळीच्या आधी आम्ही गेलो. मुक्काम ड्रायव्हरच्या घरी, खालच्या गावात. सकाळी ऊन चढायच्या आत विहिरीवर आलो. पत्नीने पिशवीतून तिच्या माहेरचा, नेरहून आलेला पितळेचा गडवा काढला. आमच्याकडे तांब्याला गडवा म्हणतात. तिने तो घासून आणला होता. काठोकाठ भरला, पदराने बुड पुसले, आणि ती पहिल्या पायरीशी उभी राहिली.

मी तिच्याबरोबर चालू लागलो. पंप माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, एक हात तिच्या कोपराजवळ. काही पायऱ्या झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "पंप द्या इकडं." मी दिला. तिने तो कमरेला खोचला.

"आता तुमी वर जा."

"एकटी कशी येशीन?"

"तुमी संगं असले का मले घाई होते. तुमच्या तोंडाकडं पाह्यलं का दम जास्तच लागते." एवढे बोलून ती जवळच्या ओट्यावर टेकली, गडवा मांडीवर धरून, आणि मी जाईपर्यंत उठायची नाही अशी बसली.

मी गेलो. वळणापाशी मागे वळून पाहिले तर ती तिथेच होती आणि घरातून कोणीतरी बाहेर येऊन तिच्याशी बोलत होते. वळण ओलांडल्यावर ती दिसेनाशी झाली.

वर कंडक्टर ओट्यावर बसला होता. त्याने सरकून मला जागा दिली. दोघे पायऱ्यांकडे पाहत राहिलो. वरचा टप्पा दिसत होता, चिंचेचे झाड दिसत होते, त्याच्या खालचे काही नाही. कवेलूंवरून एक वानर सावकाश चालत गेले. शाळेत जाणारी मुले उड्या मारत खाली गेली. एक माणूस गॅसचे सिलेंडर खांद्यावर घेऊन वर आला, आमच्याजवळ थांबला, दम घेऊन पुढे गेला. मी त्याला विचारले की खाली एक बाई दिसली का. तो म्हणाला, बायका तर पुष्कळ होत्या.

मग खोकला ऐकू आला. तिचा खोकला मी गर्दीतून ओळखतो. एकदा, मग सलग. मी उठलो. कंडक्टरने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बसा भाऊ. खोकला तं येईनच."

"पंप घेतला का नाई, काय माहीत."

"त्याइच्या कमरेले हाये म्हनता ना. मंग घेतीन." मी बसलो, पण अर्धाच. ते पाहून तो त्याच्या नोकरीचे सांगू लागला. घाटात जुन्या गाडीचे इंजिन तापायचे. ड्रायव्हर वळणावर गाडी उभी करायचा आणि प्रवासी कंडक्टरच्या अंगावर यायचे. "मी म्हनो, उतरा बाप्पा, पाय मोकये करा, बोरं खा. हे गाडी तापली हाये, बिघडली नाई." तो हसला. मी हसलो नाही. खोकला थांबला होता, आणि ती शांतता मला खोकल्यापेक्षा जास्त कठीण गेली. काट्यावर बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओझ्याचे वजन सांगितले. चिंचेखाली काय चालले आहे, हे मला सांगता येत नव्हते. माझ्या हातात काहीच नव्हते, पंपसुद्धा नव्हता.

मग खालून हसणे आले. बायकांचे, मोकळे. एक आवाज वर चढला: "अव, नेरची हाये म्हंते हे! आमची लहानी तथीच देल्ली ना!" कोणाची तरी धाकटी नेरलाच दिलेली असावी; पुढचे कळले नाही. पुन्हा हसणे. कंडक्टरची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिने नवऱ्याकडे पाहिले आणि ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. चहाचे आधण ठेवले असावे.

पत्नी वळणातून दिसली तेव्हा ऊन चिंचेच्या शेंड्यावरून उतरून पायऱ्यांवर आले होते. बरोबर एक बाई होती, खालच्या बाजूची शेजारीण, हात हलवत बोलत येणारी. पत्नी दोन-चार पायऱ्या चढे, थांबे, मग पुढची चढे. चेहरा लाल झाला होता, ओठ किंचित उघडे. मी उठलो नाही. याहून अवघड काम त्या दिवशी मी दुसरे केले नाही. ती वर आली, ओट्याच्या कडेला बसली, आणि काही वेळ फक्त श्वास घेत राहिली. शेजारीण मात्र गप्प बसणारी नव्हती.

"गडवा दे म्हनलं माह्याजवळ, तं देत नाई. अशी जिद्दीची हाये."

कंडक्टरच्या बायकोने गडव्यात डोकावून पाहिले. तो अर्धाच होता.

"तहान लागली," पत्नी म्हणाली. तिला ओशाळल्यासारखे झाले होते. "अर्धं मी पेली."

कंडक्टरच्या बायकोने क्षणभर विचार केला. "पेली तं पेली," ती म्हणाली. "पोटात घालून का होईना, वरच आलं ना पानी."

शेजारीण एवढ्या जोराने हसली की कवेलूंवरचे वानर पळाले. पत्नीने आत जाऊन उरलेले पाणी रांजणात ओतले. बाहेर आली तेव्हा कंडक्टर माझ्याकडे न पाहता तिच्याकडे पाहत होता. त्याने तिला विचारले की बाई, वैशाखात नळ चढणार नाही, तेव्हा कसे कराल?

"गुंड हे आनतीन," तिने माझ्याकडे बोट केले. "गडवा मी आनीन. ज्या दिवशी नाई झालं, त्या दिवशी या ताईच्या घरून मागून घेईन."

"मांग ना व," शेजारीण म्हणाली. "मीबी मांगतो लोकाइले."

मी पाकीट काढले आणि पत्नीच्या हातात दिले. तिने ते कंडक्टरच्या बायकोच्या हातात ठेवले. कंडक्टर म्हणाला की आता त्याचे खाली उतरायचे बघावे लागेल, आणि गुडघे चोळू लागला.

त्या घरात आम्हाला आता वर्षाहून अधिक काळ झाला आहे. दमा गेला नाही. थंडीत तो येतो, खाली सोयाबीन काढणीच्या दिवसांत भुसा उडाला की वाऱ्याबरोबर वरही येतो. पंप तिच्या कमरेलाच असतो. पण खिडकीला ओले फडके अडकवलेले नाही. तो खिळा या घरात ठोकावाच लागला नाही. पहिल्या उन्हाळ्यात नळ खरोखरच आटला. मी गुंड आणली, तिने गडवा आणला, आणि काही दिवस आम्ही दोघांनी शेजाऱ्यांकडून मागून घेतले. मागताना मला सुरुवातीला जड गेले. तिला नाही.

मागच्या रस्त्याने आम्ही त्यानंतर कधी आलो नाही. सामानही पायऱ्यांनीच वर आले. वस्तीतल्या लोकांनी हातोहात चढवले. कपाट वळणावर अडकले तेव्हा प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला आणि शेवटी ते शेजारणीचेच ऐकून निघाले. पत्नीने त्या रस्त्याचा विषय पुन्हा काढलेला नाही. मी काढायचा प्रयत्न एकदा केला होता. ओट्यावर बसून मी म्हणालो की त्या थंडीत मी तुला मागून आणायला नको होते. ती तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "झालं ते झालं. जाऊन कोथिंबीर घेऊन या." मी खाली जाऊन कोथिंबीर घेऊन आलो. क्षमा मिळाली की विषय बदलला, हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि ते ठरवायला हवे असा आग्रहही आता राहिलेला नाही.

आमच्या ओट्याची एक कड आम्ही मोकळी ठेवतो. तिथे एक जाड पोते घडी घालून ठेवले आहे. वर येणारा कोणीही तिथे टेकतो, सिलेंडरवाला, पोस्टमन, नव्या सुना. पत्नी आतून ओळखते की कोण आहे, आणि पाणी घेऊन बाहेर येते. त्याच गडव्यात.

बाजाराच्या दिवशी ती स्वतः खाली जाते. उतरताना मला बरोबर येऊ देते, चढताना नाही. मी पिशव्या घेऊन आधी वर येतो आणि ओट्यावर बसून चिंचेकडे पाहत राहतो. तिला किती वेळ लागेल हे कधीच सांगता येत नाही. कोणत्या ओट्यावर कोण भेटेल, यावर ते असते. खालून खोकला ऐकू आला की मी अजूनही उठून उभा राहतो. मग बसतो.